"उष्णता असेल गं" म्हणून गप्प बसू नका: गरोदरपणातली खाज, पुरळ आणि आपली सवय

पोस्ट मोठी आहे, आधीच सांगते. पण ज्यांच्या घरी कुणी गरोदर आहे त्यांनी शेवटपर्यंत वाचा, आणि नवऱ्यांनी तर नक्की वाचा.

मागच्या आठवड्यात आपल्या इथे एकीने विचारलं होतं, "३२ वा आठवडा चालू आहे, रात्री खूप खाज येते, काय लावू?" तासाभरात चाळीसेक उत्तरं आली. खोबरेल तेल, कोरफड, कडुलिंबाच्या पाण्याने आंघोळ, आमसुलाचं पाणी, सब्जा, गुलकंद, ओट्सची आंघोळ, आणि एकीने तर भारतातून आणलेल्या क्रीमचा फोटोच टाकला. सगळ्यांनी मनापासून लिहिलं, यात शंका नाही. पण त्या चाळीस उत्तरांत एकाही बाईने (आणि एकाही बुवाने) साधा प्रश्न विचारला नाही, की बाई गं, खाज नेमकी कुठे येते आणि अंगावर पुरळ आहे की नाही?

माझं मत सरळ आहे. गरोदरपणातली खाज ही 'काय लावू' विचारायची गोष्ट नाही. ती आधी 'कुणाला सांगू' ची गोष्ट आहे. लावायचं काय ते नंतर ठरवता येतं.

मी इंग्लंडमध्ये राहते, त्यामुळे जीपी, मिडवाइफ अशा इथल्याच भाषेत लिहिते. अमेरिकेतल्यांनी मिडवाइफच्या जागी ओबी वाचावं, दुबई-मस्कतवाल्यांनी आपापल्या गायनॅकचं नाव घालावं. शरीर सगळीकडे सारखंच आहे.

आता माझी गोष्ट. मोठ्या लेकाच्या वेळी मला काहीच झालं नव्हतं. धाकटीच्या वेळी ३३ व्या आठवड्यात तळपाय खाजायला लागले. आधी वाटलं मोजे बदलावेत. मग तळहात. दिवसा बरं असायचं, रात्री अकरा-साडेअकरानंतर असं व्हायचं की बाथरूमच्या थंड फरशीवर पाय टेकवून बसायचे मी. अंगावर काही म्हणजे काही नव्हतं. एक फोड नाही, एक चट्टा नाही, फक्त माझ्याच नखांचे ओरखडे.

आईला व्हिडिओ कॉलवर सांगितलं. आई म्हणाली, "पित्त झालंय तुला. आणि उष्णता. मलाही तुझ्या वेळी शेवटचे दोन महिने तळपाय खाजायचे, काही झालं नाही. आमसुलाचं पाणी लाव." मला हायसं वाटलं. आईलाही झालं होतं, म्हणजे नॉर्मल असणार.

तरी जीपीकडे फोन केला. मी काय सांगितलं? "आय हॅव सम रॅश." कारण खाज हा शब्द इंग्रजीतही तोंडातून निघेना. रिसेप्शनने विचारलं, लाल आहे का? मी म्हटलं, नाही. ताप? नाही. मग नऊ दिवसांनंतरची वेळ मिळाली आणि तोवर मॉइश्चरायझर लावा असा निरोप. मी खूशच झाले, एवढं काही नाही म्हणून.

सुदैवाने मधेच मिडवाइफची ठरलेली तपासणी होती. तिच्यासोबत शिकाऊ मुलगी होती. रक्तदाब घेताना तिची नजर माझ्या घोट्यांवरच्या ओरखड्यांवर गेली. तिने विचारलं, हे काय? मी म्हटलं, काही नाही, थोडी खाज. ती म्हणाली, तळव्यांना? रात्री जास्त? आणि लगेच तिने मोठ्या मिडवाइफकडे बघितलं. त्याच दुपारी मला हॉस्पिटलच्या मॅटर्निटी युनिटमध्ये पाठवलं, रक्त घेतलं. लिव्हरचे आकडे वाढलेले, आणि दोन दिवसांनी बाइल ॲसिड आलं ६४. ३८ आठवडे झाल्यावर कळा सुरू करून बाळंतपण केलं. लेक आता शाळेत जाते, ठणठणीत आहे.

या आजाराला इथे ऑब्स्टेट्रिक कोलेस्टॅसिस किंवा आयसीपी म्हणतात. यकृतातून पित्त नीट पुढे जात नाही आणि पित्तातली आम्लं रक्तात साठतात. गंमत बघा, आईने 'पित्त' म्हटलं ते शब्दशः बरोबर होतं. फक्त आपल्याकडे पित्त म्हणजे अंगावर उठणाऱ्या गांधी, ॲसिडिटी, डोकेदुखी, सगळंच असतं. आणि त्या सगळ्यावर आमसूल चालतं. या पित्तावर चालत नाही.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. "मलाही झालं होतं" हे आईचं वाक्य मी धीर म्हणून घेतलं. खरं तर ती धोक्याची घंटा होती. आई किंवा बहिणीला हे झालेलं असेल तर आपल्याला होण्याची शक्यता वाढते. म्हणजे आईने मला दिलेली माहिती लाखमोलाची होती, आम्ही दोघींनी तिचा अर्थ उलटा लावला. म्हणून आज सगळ्यांना सांगते, घरी फोन करून आईला, मावशीला, बहिणीला हा प्रश्न मुद्दाम विचारा. आणि उत्तर 'हो' आलं तर ते मिडवाइफला सांगा, स्वतःची समजूत घालायला वापरू नका.

हे आपल्या लोकांना जास्त का सांगतेय? कारण यूकेमध्ये साधारण १४० गरोदर बायकांमागे एकीला आयसीपी होतो, पण भारतीय आणि पाकिस्तानी वंशाच्या बायकांमध्ये हे प्रमाण १.२ ते १.५ टक्के, म्हणजे जवळजवळ दुप्पट. आपल्या ओळखीत शंभर बाळंतपणं मोजा, एखादी सापडेलच.

घाबरवायचं म्हणून लिहीत नाहीये. बहुतेकींचा आयसीपी सौम्य असतो. बाइल ॲसिडचा सगळ्यात वरचा आकडा ४० च्या खाली राहिला तर बाळ पोटात दगावण्याचा धोका इतर कुठल्याही गरोदरपणाइतकाच असतो. ४० ते ९९ मध्ये ३८-३९ आठवड्यांपर्यंत तो तसाच असतो. खरी भीती १०० च्या पुढे. २०१९ मध्ये लॅन्सेटमध्ये आलेल्या मोठ्या अभ्यासात १०० किंवा जास्त आकडा असलेल्यांमध्ये साधारण शंभरात तिघींची बाळं पोटातच गेली होती. म्हणून तिथे ३५-३६ आठवड्यांना बाळंतपणाचा विचार करतात. मधल्या गटाला ३८-३९, सौम्य असेल तर ४० पर्यंत थांबू देतात. आणि मॉनिटरवर ठोके छान दिसले, स्कॅन छान आला, तरी हा धोका त्यातून आधी कळत नाही. म्हणून रक्ताचा आकडा आणि बाळंतपणाची वेळ, हेच हातात असतं. हे सगळं एका साध्या रक्ततपासणीवर अवलंबून, आणि ती तपासणी तुम्ही 'खाज' म्हटल्यावरच होणार.

आणखी एक बारकावा. पहिल्यांदा रिपोर्ट नॉर्मल आला म्हणजे विषय संपला असं नाही. खाज आधी सुरू होते आणि आकडे नंतर वाढतात, असं होऊ शकतं. खाज चालू राहिली तर पुन्हा तपासा म्हणायचं. लघवी गडद, शौचाचा रंग फिका, डोळे पिवळे वाटत असतील तर त्याच दिवशी फोन. आणि बाळाची हालचाल कमी वाटली तर खाज असो नसो, सकाळची वाट बघायची नाही. मॅटर्निटी ट्रायाजचा नंबर चोवीस तास चालू असतो, तो तुमच्या नोट्सवर किंवा ॲपवर असतो. नवऱ्याच्या फोनमध्येही सेव्ह करून ठेवा.

आता पुरळ असलेल्या खाजेबद्दल. इथे उलटी चूक होते, लोक नको तेवढे घाबरतात.

शेवटच्या महिन्यात, विशेषतः पहिलटकरणीला किंवा जुळी असतील तर, पोटावरच्या स्ट्रेच मार्क्समध्ये पुरळ उठतं, मग मांड्यांवर उतरतं. बेंबीच्या आजूबाजूची जागा बहुधा मोकळी राहते. याला पीईपी म्हणतात, अमेरिकेत पीयूपीपीपी. खाजून जीव नकोसा होतो पण बाळाला काही होत नाही आणि बाळंतपणानंतर काही आठवड्यांत जातं. त्याआधीच्या महिन्यांत सुरू होणारा, कोपराच्या खळगीत, मानेवर, गुडघ्यामागे येणारा प्रकार बहुतेक वेळा एक्झिमासारखा असतो. तो सगळ्यात जास्त आढळतो, त्यानेही बाळाला धोका नाही.

पण बेंबीपाशीच सुरू झालं, गांधी उठल्या आणि मग त्यावर पाण्याचे टणक फोड आले, तर तो वेगळा आजार असू शकतो, पेम्फिगॉइड जेस्टेशनिस. फार दुर्मिळ. पण तिथे जीपीने क्रीम देऊन घरी पाठवणं बरोबर नाही, त्वचारोगतज्ज्ञांकडे लवकर पाठवायला हवं. त्यात बाळ लवकर होणं किंवा कमी वजनाचं होणं याचा संबंध असतो, आणि पुढच्या गरोदरपणात पुन्हा येऊ शकतो. बेंबी वाचली की बेंबीपासून सुरू झालं, एवढं निरीक्षण तर आपण घरी करू शकतो ना? ते फोनवर सांगा. डॉक्टरला त्याने खूप मदत होते.

इथे आपल्या रंगाचा मुद्दा येतो. "लाल आहे का?" हा प्रश्न गोऱ्या कातडीसाठी ठीक आहे. आपल्या गव्हाळ-सावळ्या कातडीवर तीच सूज जांभळट, तपकिरी, कधी राखाडी दिसते. त्यामुळे 'लाल नाही' म्हटलं की समोरच्याला वाटतं काही नाही. इथल्या वैद्यकीय पुस्तकांत सावळ्या कातडीवरचे फोटोच कमी होते. २०२० मध्ये लंडनच्या सेंट जॉर्जेसमधल्या एका विद्यार्थ्याने, मलोन मुक्वेंडेने, आपल्या दोन शिक्षकांसोबत 'माइंड द गॅप' नावाची पुस्तिका काढली ती याचसाठी. तर तुम्ही सांगताना रंगावर अडकू नका. हात फिरवल्यावर उंचवटा लागतो का, गरम लागतं का, पाणी भरलंय का, कुठून सुरू झालं, किती दिवसांत पसरलं, ते सांगा. फोटो खिडकीजवळ दिवसाच्या उजेडात काढा, बाथरूमच्या पिवळ्या दिव्यात नको.

आणि तो फोटो जीपीला पाठवा, आम्हाला नको. माझं हे मत काहींना आवडणार नाही, पण मी ठाम आहे. इथे पुरळाचा फोटो टाकून निदान मागणं बंद व्हायला हवं. आपल्यात डॉक्टर आहेत, पण ते रात्री जेवणानंतर फोनवर बघून काय सांगणार? आणि एकदा कुणी "माझंही असंच होतं, काही नाही" लिहिलं की ती बाई दुसऱ्या दिवशीचा फोन करत नाही. मी केला नसताच.

भारतातून येणाऱ्या ट्यूबांबद्दल थोडं. आपल्या सगळ्यांच्या डब्यात एक असते. तीन-तीन औषधं एकत्र असलेली, स्टिरॉइड, बुरशीचं आणि अँटिबायोटिक. दुकानात मागितली की मिळते, आणि दोन दिवसांत खाज थांबते म्हणून आवडते. थांबते ती त्यातल्या स्टिरॉइडमुळे, आणि ते बरेचदा सगळ्यात तीव्र प्रकारातलं असतं. गजकर्ण असेल तर वरून दबतं, आतून पसरतं, आणि मग डॉक्टरलाही ओळखू येत नाही. गरोदरपणात तीव्र स्टिरॉइड खूप प्रमाणात वापरलं तर बाळाचं वजन कमी राहू शकतं. पण याच्या उलट टोकही नको. जीपीने सौम्य किंवा मध्यम स्टिरॉइड क्रीम लिहून दिलं की आपल्या बायका ते न लावता ड्रॉवरमध्ये ठेवतात, "प्रेग्नन्सीत स्टिरॉइड कसं लावू" म्हणून. ते लावायला हरकत नाही, अंगाला लावायचं सौम्य-मध्यम क्रीम गरोदरपणात सुरक्षित मानलं जातं. सांगितलं तेवढं, सांगितलं तितके दिवस लावा. डब्यातली तीव्र ट्यूब न विचारता लावायची आणि लिहून दिलेली सौम्य ट्यूब घाबरून ठेवून द्यायची, हा आपला न्याय मला अजून कळलेला नाही.

आमसुलाचं पाणी, खोबरेल, थंड पाण्याच्या पट्ट्या, सैल सुती गाऊन, मेंथॉलचं क्रीम, हे सगळं करा. आराम पडतो, मलाही पडला. फक्त फोन करून झाल्यावर करा. पोटात घ्यायच्या गोष्टींना मात्र माझा नकार आहे. पावडरी, वट्या, भस्मं, 'यकृत साफ करणारे' काढे. काही आयुर्वेदिक औषधांत शिसं आणि पारा सापडल्याच्या नोंदी आहेत, आणि शिसं वारेतून बाळापर्यंत जातं. खाजेची ॲलर्जीची गोळीसुद्धा मिडवाइफ किंवा फार्मसिस्टला विचारून.

आता कांजिण्या. मोठं मूल नर्सरीत किंवा शाळेत असलेल्यांनी हा भाग दोनदा वाचा. इथे वर्षानुवर्षं मुलांच्या नेहमीच्या लसीकरणात कांजिण्यांची लस नव्हती, त्यामुळे इथे वाढलेल्या बहुतेक सगळ्यांना लहानपणीच येऊन गेलेल्या असतात. उष्ण प्रदेशात वाढलेल्यांचं तसं नाही. आपल्यातल्या बऱ्याच जणींना कधी आलेल्याच नसतात. मग मुलाच्या मित्राच्या वाढदिवसाला जायचं, आणि दुसऱ्या दिवशी ग्रुपवर मेसेज येणार की त्याला कांजिण्या आल्यात. पुरळ दिसायच्या दोन दिवस आधीपासून त्या पसरतात, म्हणजे केक कापताना तो पसरवतच होता.

अशा वेळी स्वतःच्या अंगावर काही उठायची वाट बघायची नाही. त्याच दिवशी जीपी किंवा मिडवाइफला फोन करून सांगायचं की मी गरोदर आहे, किती आठवडे, कुणाच्या संपर्कात, किती वेळ. लहानपणी आल्या होत्या का हे आईला विचारायचं, आईला नक्की आठवत नसेल तर तसं सांगायचं. रक्त तपासून प्रतिकारशक्ती आहे का बघतात. नसेल तर संपर्कानंतरच्या सातव्या दिवसापासून गोळ्या देतात. गरोदर बाईला कांजिण्या झाल्या तर न्यूमोनिया होऊ शकतो, म्हणून ही धावपळ. आणि पुरळ उठलंच तर लगेच फोन करा, पहिल्या चोवीस तासांत औषध सुरू झालेलं चांगलं. पण फोन न करता दवाखान्यात जाऊन बसू नका, तिथे दुसऱ्या गरोदर बायका बसलेल्या असतात. 'देवी आल्या' म्हणून घरात कडुलिंबाचा पाला बांधून बसायचं असेल तर बांधा, पण फोन करून.

गालावर थप्पड मारल्यासारखं पुरळ येणारा एक ताप असतो, स्लॅप्ड चीक, आणि गोवर. दोन्हींच्या संपर्काबद्दल तसाच फोन. स्लॅप्ड चीकचं पुरळ दिसेपर्यंत मुलाकडून पसरण्याचे दिवस बहुतेक संपलेले असतात, म्हणून 'आता मी त्याच्यापासून लांब राहते' याला अर्थ नसतो. गरोदरपणाच्या पहिल्या २० आठवड्यांत याला जास्त महत्त्व. आणि ताप असून पुरळावर काचेचा ग्लास दाबल्यावर ते फिकं होत नसेल तर जीपीही नाही, सरळ ९९९.

शेवटी बोलण्याबद्दल. आपण मराठी बायका कळा सांगतो, उलट्या सांगतो, पण खाज सांगत नाही. शब्दच असा आहे, घरात चारचौघांत 'खाज' म्हणायची लाज वाटते, मग 'कसंतरी होतं', 'चुरचुरतं', 'जरा त्रास आहे' असं गोल गोल. इंग्रजीत तेच 'रॅश' होतं. आणि परदेशात आल्यापासून आणखी एक भर पडलीय, समोरच्याला त्रास नको द्यायला. नऊ दिवसांची वेळ मिळाली की थँक यू म्हणून फोन ठेवायचा. माझं इतकंच म्हणणं आहे की फोनवर हे वाक्य म्हणा: इतके आठवडे झालेत, तळहात-तळपायांना खाज आहे, पुरळ नाही, रात्री वाढते, मला आज बाइल ॲसिड आणि लिव्हरची रक्ततपासणी हवी आहे. वेळ नाही म्हणाले तर रिसेप्शनशी वाद घालू नका, थेट मॅटर्निटी ट्रायाजला फोन करा, तिथे जीपीच्या चिठ्ठीची गरज नाही. इंग्रजी जमत नसेल तर दुभाषी मागा, एनएचएसमध्ये तो फुकट मिळतो. सासूबाई आलेल्या असतील तर त्यांना दुभाषी करू नका, त्या 'उष्णता' भाषांतरित करतील.

नवरे मंडळी, तुमचं काम एवढंच की रात्री दोनला ती बाथरूमच्या फरशीवर बसलेली दिसली तर 'झोप आता' म्हणू नका. फोन तुम्ही लावा.

ज्यांना आयसीपी होऊन गेलाय त्यांच्यासाठी: बाळंतपणानंतर खाज जाते, पण निदान चार आठवड्यांनी रक्त पुन्हा तपासून सगळं नॉर्मल झालंय याची खात्री करून घ्या. संततिनियमनाच्या गोळ्या सुरू करण्याआधी हा इतिहास सांगा. पुढच्या वेळी पुन्हा होण्याची शक्यता बरीच असते, म्हणून पहिल्याच भेटीत मिडवाइफला लिहून घ्यायला लावा. आणि लेकीच्या वहीत कुठेतरी लिहून ठेवा. मी माझ्या लेकीच्या लसीकरणाच्या लाल पुस्तकात मागच्या पानावर लिहून ठेवलंय, आजीला होतं, आईला होतं.

मागच्या आठवड्यात विचारणाऱ्या ताईला मी वेगळा मेसेज केला होता. तिने दुसऱ्या दिवशी फोन केला, रक्त दिलंय. रिपोर्ट यायचाय.